गाडी निघाली होती कोलंबोला

काशी झाली की रामेश्वर, ही मराठी घरांतली जुनी रीत. रामेश्वरसाठी नेलेली गंगेची कावड एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट तर शाळकरी पोरांनाही ठाऊक. त्यामुळे पंबनच्या पुलावर गाडी आली की हात जोडणाऱ्या यात्रेकरूला वाटते, हा लोहमार्ग देवदर्शनासाठीच घातला असणार. इंग्रजांना मात्र कर्तव्य होते ते सिलोनशी.

सकाळी पुलाअलीकडच्या मंडपमहून निघावे. सिलोनच्या मळ्यांवर जाणाऱ्या तमिळ मजुरांना आधी इथल्या छावणीत वेगळे ठेवत. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल सुरू झाला आणि मद्रासचा उतारू गाडीने धनुष्कोडी, आगबोटीने तलैमन्नार, पुन्हा गाडीने कोलंबो असा एकाच तिकिटावर जाऊ लागला. पंबनला फाटा फुटे. साहेबाची गाडी धनुष्कोडीकडे जाई आणि रामेश्वर बाजूला राही. चेन्नई-रामेश्वर गाडीचे ‘बोट मेल’ हे नाव अजून टिकून आहे. बोट केव्हाच गेली.

१९८८ साली झालेल्या रस्त्याच्या पुलावरून रेल्वेचा पूल न्याहाळता येतो. वाहने थांबवायला मनाई आहे, म्हणजे सगळे थांबतात. जुन्या पुलाचा मधला गाळा दुभंगून दोन्ही बाजूंनी वर उचलला जाई, तोही माणसांनी तरफा फिरवून. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होई आणि गाडी जागेवर थांबे. डिसेंबर २०२२ मध्ये या पुलावरची वाहतूक थांबली. ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, शेजारचा २.०८ किलोमीटरचा नवा पूल सुरू झाला. त्याचा ७२.५ मीटरचा गाळा आडवाच्या आडवा, यंत्राने, १७ मीटर वर चढतो.

दुपारी रामेश्वर. देवळातल्या बावीस तीर्थांचे पाणी बादलीबादलीने अंगावर घेत भाविक ओलेत्याने पुढे सरकत असतात. याच गावात अब्दुल कलामांनी लहानपणी वर्तमानपत्रे वाटली. दुसऱ्या महायुद्धामुळे गाडीचा इथला थांबा बंद झाला. मग धनुष्कोडीच्या वाटेवर धावत्या गाडीतून गठ्ठे फेकले जात आणि ते गोळा करायचे काम कलामांकडे आले.

उन्हे कलली की धनुष्कोडी. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने हे गाव पुसले आणि स्टेशनाजवळ आलेली पंबन-धनुष्कोडी पॅसेंजर उतारूंसकट गिळली. पंबनच्या पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले. दुरुस्तीला सहा महिने धरले होते, ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याने समुद्रात पडलेल्या तुळया शोधून, उचलून पुन्हा बसवल्या आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. कोकण रेल्वेचे प्रमुख म्हणून आपल्याकडे ठाऊक असलेले श्रीधरन ते हेच.

पूल जुळला, पण धनुष्कोडीचे रूळ कुणी पुन्हा घातले नाहीत. बोटी रामेश्वरहून सुटू लागल्या आणि श्रीलंकेतल्या यादवीत त्याही थांबल्या. आज डांबरी रस्ता थेट अरिचलमुनैच्या टोकाला पोचतो. वाटेत पडक्या चर्चपाशी शंखशिंपल्यांच्या टपऱ्या आणि कोळ्यांच्या झोपड्या आहेत.

२०१९ मध्ये रामेश्वर-धनुष्कोडी लोहमार्गाची पायाभरणी झाली. पुढे पर्यावरणाच्या मुद्द्यावर तमिळनाडू सरकारने हरकत घेतली. ती रास्तच म्हणायला हवी. पलीकडे न्यायला बोट नसताना, वाळूच्या या चिंचोळ्या पट्टीवर गाडी नेऊन उतारूंना उतरवायचे कुठे?