डब्यातली चिल्लर

मुलांनो, तुमच्या घरात सुट्या पैशांचा एखादा डबा नक्कीच असेल. कुणाकडे तो बिस्किटांचा जुना डबा असतो, कुणाकडे लोणच्याची रिकामी बरणी, तर कुणाकडे मातीचा गल्ला. अब्बा बाजारातून आले की खिशातली नाणी त्यात टाकतात. अम्मी भाजी घेऊन उरलेले दोन रुपये त्यात ठेवतात. ईदीत मिळालेली नाणी तुम्हीही त्यातच टाकता. डबा हळूहळू जड होतो. मग तो कपाटावर जातो आणि सगळे त्याला विसरतात.

या पैशांना उर्दूत आपण ‘रेजगारी’ म्हणतो. मराठीत त्यांना ‘चिल्लर’, ‘मोड’ किंवा ‘सुटे पैसे’ म्हणतात. शब्द वेगळे असले, तरी दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या घरातला डबा मात्र सारखाच!

तुम्ही म्हणाल, “डब्यात पैसे साठले तर बिघडले काय? ती बचतच झाली.” थोडा विचार करा. दुकानात तुम्ही अठरा रुपयांची वस्तू घेता आणि वीस रुपयांची नोट देता. दुकानदार म्हणतो, “सुटे नाहीत,” आणि दोन रुपयांऐवजी हातावर गोळ्या ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच गोळ्या देऊन तुम्हाला त्याच्याकडून पेन्सिल घेता येईल का? नाही. गोळी म्हणजे पैसा नव्हे. ज्याच्या घरी रोजच्या कमाईतून रोजचे पीठ-तेल येते, त्याला हे दोन रुपये सोडणे परवडत नाही. आता पुष्कळ लोक मोबाइलवरून पैसे देतात, पण सगळ्यांकडे ती सोय नसते. ज्याच्याकडे ती नसते, त्यालाच सुट्या पैशांची अडचण अधिक सोसावी लागते.

मग ही नाणी जातात कुठे? आपल्या देशात नाणी भारत सरकार पाडते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे सरकारी टाकसाळी आहेत. तेथून रिझर्व्ह बँकेच्या मार्फत नाणी बँकांत आणि बँकांतून लोकांपर्यंत येतात. त्यांतली कितीतरी पुढे आपल्या डब्यांत अडकून पडतात. म्हणजे बाजारातल्या टंचाईत थोडासा वाटा आपल्या कपाटावरच्या डब्याचाही असतो.

आता हा डबा रिकामा कसा करावा ते पाहू.

प्रथम घरातल्या मोठ्यांना विचारा. मग जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर डबा ओता. एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी वेगळी करा. प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा नाण्यांच्या चळती रचा. दहा चळती झाल्या की शंभर नाणी झाली. ती एका पिशवीत भरा आणि आत रकमेची चिठ्ठी ठेवा. एक रुपयाच्या पिशवीत शंभर रुपये, तर पाच रुपयांच्या पिशवीत पाचशे रुपये होतील. हा हिशेब लहान भावंडांकडून करवून घ्या. त्यांचा पाढ्यांचा सरावही होईल.

वेगळी करताना काही नाणी तुम्हाला अडवतील. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चालते. पंचवीस पैसे आणि त्याहून लहान नाणी मात्र 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली आहेत. दहा रुपयांची नाणी निरनिराळ्या नक्षीची असतात, म्हणून काही जण ती खोटी समजतात. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केले की, तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची दहाची नाणी खरी आहेत. कुणी ती नाकारली, तर त्याला हे शांतपणे समजावून सांगा.

डब्याच्या तळाशी एखादा आणा किंवा नवा पैसाही सापडेल. पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर भाग झाले आणि त्या भागाला ‘नवा पैसा’ म्हणू लागले. अशी नाणी जपून ठेवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. त्या नाण्यात काय काय मिळत असे, हे ते आवडीने सांगतील. मात्र “जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी थोडी फी भरा,” असे कुणी फोनवर सांगितले तर फसू नका. अशा फसवणुकीपासून सावध राहण्यास रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये लोकांना सांगितले आहे.

मोजलेल्या पिशव्यांचे काय करावे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गल्लीतला किराणा दुकानदार. त्याला विचारा, “चाचा, सुटे हवेत का?” बहुतेक वेळा तो आनंदाने नाणी घेईल आणि तेवढ्याच नोटा देईल. भाजीवाले आणि रिक्षावाले यांनाही सुट्यांची गरज असते. मात्र कुणावर ओझे लादू नका. 2011 च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच, आणि पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंतच स्वीकारण्याचे बंधन आहे.

रक्कम मोठी असेल, तर बँकेत जा. खात्यात किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. शंभर-शंभरच्या पिशव्या केलेल्या असतील, तर कर्मचाऱ्यांचे आणि रांगेतल्या लोकांचे श्रम वाचतात. गर्दीची वेळ टाळून गेलेले बरे. तुमचे वय दहा वर्षांहून अधिक असेल, तर पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातेही उघडता येते. डब्यातली रक्कम त्या खात्याची पहिली ठेव होऊ शकते.

मराठीत म्हण आहे, ‘थेंबे थेंबे तळे साचे.’ उर्दूतही आपण ‘कतरा कतरा दरिया’ म्हणतो. दोन्ही म्हणी बचतीचे महत्त्व सांगतात. पण तळे भरले की त्याचे पाणी शेताला द्यावे लागते, नाहीतर त्यावर शेवाळ धरते. नाण्यांचेही तसेच आहे. म्हणून डबा अवश्य ठेवा, त्यात रोज नाणी टाका. पण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो उघडा, मोजा आणि रिकामा करा. तुमच्या डब्यातून निघालेले दोन रुपये कदाचित उद्या एखाद्या मजुराच्या हातावर गोळीच्या जागी पडतील.