करवतीपासून कलादालनापर्यंत

कुठे, केव्हा? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ हे केंद्र आहे. मानसशास्त्रज्ञ एलायस कॅट्झ आणि त्यांच्या चित्रकार पत्नी फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ यांनी अपंग प्रौढांसाठी ते १९७४ मध्ये सुरू केलं. मोठ्या सरकारी संस्थांमधून बाहेर पडणाऱ्या माणसांना दिवसभर हक्काची जागा हवी होती; कॅट्झ दांपत्याने ती कलेतून दिली.

काय चालतं? चित्रं, मातीकाम, विणकाम आणि सुतारकामही. काय घडवायचं हे कलाकारच ठरवतो; मदतनीस हत्यार आणि तंत्र समजावून देतात.

सोय कशी करतात? अशा कार्यशाळांमध्ये काम लहान लहान टप्प्यांत वाटलेलं असतं: आखणं, कापणं, घासणं, जोडणं, रंगवणं. लाकूड शिकंज्यात घट्ट धरलं, की एका हातानेही करवत चालवता येते. ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिशपेपर अशक्त बोटांनाही पेलतो. भोकं नेमकी पडावीत म्हणून साचा वापरतात. त्यामुळे मोजमाप न जमणारी व्यक्तीही पक्षीघर उभं करू शकते. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क मात्र प्रत्येकाला हवाच.

कुठवर पोहोचले? डाउन सिंड्रोम असलेल्या, ऐकू न येणाऱ्या ज्युडिथ स्कॉट १९८७ मध्ये इथे आल्या. काठ्यांभोवती सूत गुंडाळत त्या शिल्पकार झाल्या. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.