शब्दकोड्यातले तीन चौकोन : द्राक्षवेलीचे शास्त्रीय नाव

शब्दकोड्यात 'द्राक्षवेलीचे शास्त्रीय नाव, तीन अक्षरी' असं आलं की मुलं अडतात. उत्तर आहे 'व्हिटिस'. मराठी कोड्यात जोडाक्षराला एकच चौकोन, म्हणून व्हि-टि-स. हे प्रजातीचे नाव. पूर्ण नाव 'व्हिटिस व्हिनिफेरा'. लॅटिनमध्ये व्हिटिस म्हणजे वेल, व्हिनिफेरा म्हणजे वाइन देणारी. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव दिले.

द्राक्षबागा नाशिक-सांगलीकडे; आपल्या फुलसावंगीत द्राक्षं गाड्यावर दिसतात. कोणी द्राक्ष म्हणतं, कोणी अंगूर. शास्त्रीय नाव मात्र जगभर एकच, हाच त्याचा उपयोग.

नुसतं पाठ करून घेऊ नका. पावसाळ्यात हाडजोडीचा वेल दाखवा. तो द्राक्षाच्याच कुळातला. पानाच्या समोरून निघणारा, आधाराला गुंडाळणारा धागा मुलांना शोधू द्या. द्राक्षवेलीलाही तसाच असतो. हाताने शोधलेलं मुलं विसरत नाहीत.