औषधालयाच्या काउंटरमागचा माणूस

गोंदिया शहर कोठे संपते आणि फुलचूर कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला आता सांगता येणार नाही. शहर वाढत गेले, धानाची शेते मागे सरली आणि गाव शहराला येऊन मिळाले. अशा वाढत्या वस्तीत पहिल्यांदा जी दुकाने उघडतात, त्यांत किराण्याच्या जोडीला एक ‘मेडिकल’ असतेच. आत भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाना आणि त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव. परंतु त्या नावाचा माणूस त्या क्षणी दुकानात हजर आहे काय, हा प्रश्न औषध घेणारा विचारीत नाही आणि देणाऱ्याला तो विचारलेला आवडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टपुरता मर्यादित केला. १९४५ च्या औषध नियमांतील पासष्टावा नियमही असे औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे असे सांगतो. तरीही प्रमाणपत्र दुकानात आणि प्रमाणपत्राचा धनी दुसऱ्या गावी नोकरीत, ही रीत महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आली. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतरच्या तीन वर्षांत, या रीतीवर कठोर कारवाई झाली. विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले. पुरेसे फार्मासिस्ट मिळतच नाहीत, तर दुकाने चालवायची कशी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तो युक्तिवाद खरा होता काय? संपूर्ण राज्याचा हिशेब मांडला तर नव्हता. औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये इतकी वाढली होती की, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये ठराव करून २०२०-२१ पासून पाच वर्षे नव्या महाविद्यालयांना परवानगी देणेच थांबविले. काही अपवाद ठेवले होते, त्यांत शासकीय संस्था होत्या. संस्थाचालक उच्च न्यायालयांत गेले. मूलभूत हक्कावरील असे बंधन केवळ ठरावाने घालता येणार नाही, या कारणास्तव सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही कौन्सिलची बाजू टिकली नाही. दार पुन्हा उघडले आणि गर्दी झाली.

म्हणजे तुटवडा प्रमाणपत्रांचा नाही. तुटवडा आहे तो सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथे दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा. नागपुरात शिकलेला तरुण पुण्या-मुंबईच्या कारखान्याकडे किंवा औषध कंपनीच्या विक्रीकामाकडे वळतो. खेड्यातील दुकानदार देऊ करतो तो पगार ऐकल्यावर त्याला दोष देणे कठीण आहे. फुलचूरसारख्या ठिकाणी नवे महाविद्यालय काढावे असा विचार कोणी मांडला, तर त्याची परीक्षा येथेच होते. तेथून बाहेर पडलेली मुले कोठे उभी राहणार?

जिल्ह्याची गरज साधी नाही. पूर्व विदर्भातील काही समाजांत सिकलसेल आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध ठरलेल्या मात्रेतच घ्यावे लागते, अधूनमधून रक्त तपासावे लागते आणि गर्भारपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे लागते. जंगलपट्ट्यात हिवताप आहे. त्यातील विवॅक्स प्रकारात प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यावयाच्या असतात. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो. मग उरलेल्या गोळ्या फळीवर राहतात आणि यकृतात दडलेले परजीवी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ही गोष्ट रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावयाची, तर सालेकशाकडे गोंडी यावी लागते आणि गोंदिया-गोरेगावच्या खेड्यांत पोवारी कामी येते. पाठ्यपुस्तकातील इंग्रजी तेथे उपयोगाचे नाही. स्थानिक मुलगा-मुलगी या व्यवसायात यावी, याचे याहून बळकट कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

क्षयरोगाचेही तसेच. क्षयरोगाची औषधे विकल्यास त्याची माहिती शासनास कळविणे २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. ठरावीक प्रतिजैविकांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ही वही कोण भरते, यावर तिची किंमत ठरते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरपलीकडील छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, खोकल्याच्या एका औषधातील डायएथिलीन ग्लायकॉल या विषाने लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. बाटलीतील विष काउंटरवरच्या फार्मासिस्टला डोळ्यांनी दिसणे शक्य नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. दोष उत्पादनाचा आणि तपासणीचा. परंतु विक्री थांबविण्याचा आदेश निघाल्यावर कोणत्या बॅचच्या किती बाटल्या कोणत्या घरी गेल्या, हे त्याच दिवशी सांगणारी नोंद दुकानात असते किंवा नसते. तेवढ्याने पुढची बाटली थांबू शकते.

जैन कुटुंबांना या जाणत्या माणसाची गरज आणखी एका कारणाने भासते. कॅप्सूलचे कवच प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचे आहे की वनस्पतिजन्य सेल्युलोजचे, आणि तेच औषध गोळीच्या रूपात मिळेल काय, हे काउंटरवर विचारले तर नेमके उत्तर शिकलेला फार्मासिस्टच देऊ शकेल.

या विद्येचे शिक्षण देशात उशिरा आले. रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधव्यवहाराची चौकशी केली. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाच्या अध्यापनाचा पाया घातला. मुंबईत १९५७ साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी सुरू झाले, ते खुद्द औषधनिर्मात्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने. व्यवसायाने स्वतःच आपली शाळा काढावी, हे उदाहरण पुन्हा फारसे गिरविले गेले नाही. गोंदियापुरते बोलायचे तर मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेचे औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय कुडव्यात आहे. नव्या संस्थेला कोऱ्या पाटीवर लिहायचे नाही.

हिशेबाची बाजू रोकडी आहे. एखाद्या वास्तूच्या कोनशिलेसाठी देणगीदार मिळतात. पाच वर्षांनी अध्यापकांचे पगार वेळेवर व्हावेत यासाठी मात्र सहसा कोणी पुढे येत नाही. पदविकेच्या साठ जागांपैकी चाळीसच भरल्या तर तूट पहिल्यांदा प्रयोगशाळेतील रसायनांवर आणि मग शिक्षकांवर पडते. पूर्वी कौन्सिल आणि तंत्रशिक्षण परिषद अशा दोन दारी जावे लागे. विदर्भातील एका महाविद्यालयाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये निर्णय दिला आणि या क्षेत्रात फार्मसी कौन्सिलचाच अधिकार चालेल हे ठरले. कागद कमी झाले, जबाबदारी कमी झाली नाही. पालकांनीही प्रवेशापूर्वी कौन्सिलच्या यादीत महाविद्यालयाचे नाव, त्या वर्षासह, स्वतः पाहावे. मान्यता नसेल तर पदविका हाती येऊनही नोंदणी होत नाही, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता तर थांबत नाही. २०२२ च्या विनियमांनुसार पदविकाधारकाला नोंदणीपूर्वी आणखी एक परीक्षा द्यावयाची आहे, हेही ध्यानात असावे.

महाविद्यालय काढायचेच असेल तर त्याचा खरा कस पदविकेनंतरच्या व्यावहारिक प्रशिक्षणात आहे. तीन महिन्यांत किमान पाचशे तास, पैकी निदान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरील औषधे देण्यात गेले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी हे तास सहीपुरते उरतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. तालुक्यांत ग्रामीण रुग्णालये आहेत. त्यांच्याशी आधी करार, मग इमारत, असा क्रम ठेवला तर निम्मे काम झाले. देवरी-सालेकशाच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि शुल्कात मदत द्यावी, त्याबदली त्यांनी काही वर्षे आपल्याच तालुक्यात काम करावे, अशी योजना औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही मानणाऱ्या समाजाला अवघड वाटू नये. या समाजातील अनेक घरांचा औषधांच्या घाऊक आणि किरकोळ व्यापाराशी जुना संबंध आहे. प्रमाणपत्राच्या भाड्यापोटी जाणारी रक्कम आणि पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार यांतील फरक त्यांना तोंडपाठ असतो.

राहिले ते अडीचशे तास. विद्यार्थी ज्या दुकानात शिकायला जाईल, तेथे शिकविणारा फार्मासिस्ट आधी स्वतः हजर असावा लागतो. अशी दुकाने जिल्ह्यातील आठही तालुक्यांत शोधून काढणे, हे नव्या प्राचार्यांचे पहिले काम असेल. भूमिपूजनाची तारीख त्यानंतर ठरविता येईल.