मावशींचा फोन आणि मावशींचे दुखणे

बिडकीनहून पैठणला किंवा छत्रपती संभाजीनगरला जायचे म्हटले, की आमच्या वस्तीतील एक मावशी काहीतरी कारण काढून घरीच राहायच्या. लग्नाला नाहीत, सभेला नाहीत. आम्हाला वाटे, मावशींना माणसांचा कंटाळा आला. खरे कारण त्यांनी एक दिवस आमच्या पत्नीला सांगितले. एसटीने गचका दिला की लघवी सुटते, लुगडे ओले होते. सहा वर्षे हे चालले होते. घरात कोणालाही ठाऊक नव्हते.

बंधू-भगिनींनो, अशा मावशी गल्लोगल्ली आहेत. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पुढे पाण्याचे हंडे, कापसाची गाठोडी, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांचा ताण त्यांवर पडत राहतो. मग खोकताना, हसताना, ओझे उचलताना लघवी ठिपकते. दुसरा प्रकार घाईचा : लागली की मोरीपर्यंत पोचू देत नाही. बायका 'वयाचे आहे' म्हणून गप्प बसतात, पाणी पिणे तोडतात. त्याने लघवी दाट होऊन त्रास उलट वाढतो.

याला इलाज आहे आणि सुरुवात फुकट आहे. वारा व लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, तितकाच वेळ सोडायचे. असे एका वेळी आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 साली हा व्यायाम मांडला.

तो फोनवरून शिकवता येतो का? स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाने 123 स्त्रियांवर हे पाहिले. ज्यांना मोबाईलवरचे अ‍ॅप दिले, त्यांचा त्रास तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाला. हा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे 2020 पासून सरकारच्या 'ई-संजीवनी'वर घरबसल्या डॉक्टरांशी फुकट बोलता येते.

आम्ही मावशींना ते लावून दिले. डॉक्टरांनी विचारले, "काय त्रास होतो?" मावशी म्हणाल्या, "गुडघे दुखतात." फोन नातवाच्या हातात, मुलगा शेजारी बसलेला! दुसऱ्या दिवशी आमच्या पत्नीने सगळ्यांना बाहेर काढले, दार लावले, फोन मावशींच्या हाती दिला. तेव्हा सहा वर्षांचे दुखणे पाच मिनिटांत सांगून झाले.

फोनवर सगळेच भागत नाही. लघवीत रक्त, जळजळ व ताप, अंग बाहेर येणे, पायांत अचानक बधिरपणा, लघवी अजिबात न होणे, यांपैकी काही असेल तर वेळ न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. तेथे तपासणी होते. साखरही तपासून घ्यावी.

मावशींचा त्रास पुरता गेलेला नाही, पण निम्म्यावर आला आहे. गेल्या महिन्यात त्या भाचीच्या लग्नाला एसटीने पैठणला जाऊन आल्या.

घरातल्या पुरुषांना आमची एकच विनंती. आईला, बायकोला रोज अर्धा तास फोन द्या, आणि त्या वेळी खोलीबाहेर थांबा.