लेकीचा सामना, घराची साथ

कॉलेजचे सामने जवळ आले, की घरोघरी सूर निघतो, "बारावी झाली, आता पुरे झालं चेंडू उडवणं!" मैत्रिणींनो, असं म्हणण्याआधी पुण्याच्याच शिरीन लिमयेकडे पाहा. २०१७ साली बंगळुरूला कझाकस्तानला हरवून महिलांच्या आशिया चषकाचा 'ब' गट जिंकणाऱ्या भारतीय बास्केटबॉल संघात ती होती. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तर ती कर्णधार होती.

मैदानात एका वेळी पाचच जणी. चेंडू आणून खेळ रचणारी गार्ड, चाल करून जाणारी फॉरवर्ड आणि दहा फूट उंचीच्या रिंगखाली ठाकलेली सेंटर. पण दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांत दम टिकायचा, तर बाकावरच्या मुलीही तितक्याच तयार लागतात. म्हणून "तुला कुठं खेळवतात?" असं लेकीला हिणवू नका.

धायरीहून शहरात सरावाला जायचं म्हणजे सिंहगड रस्त्याची गर्दी आलीच. निघताना केळं, शेंगदाण्याचा लाडू आणि पाण्याची बाटली द्या. आल्यावर गरम वरणभात. परतायला उशीर होणार, हे घरात आधीच सांगून ठेवा. आणि एखाद्या सामन्याला सासूबाईंनाही सोबत न्या. नातीनं बास्केट केली, की अर्धा विरोध तिथंच विरघळतो, बरं का!