पाणी किती वाजता घेतलंत?

विद्यार्थ्यांचे पर्यावरण संमेलन म्हटले की घोषणा, तक्ते आणि शेवटी एकमताने संमत होणारा ठराव असे चित्र डोळ्यांसमोर येते. १९९३ साली देशपातळीवर सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने याला निराळे वळण दिले. १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी परिसरातला प्रश्न निवडायचा, मोजमापे घ्यायची आणि मगच बोलायचे, ही तिची रीत. त्याच धर्तीच्या एका संमेलनात परीक्षक म्हणून दिवसभर बसण्याचा योग आला. तिथला एक प्रसंग शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

दोन शाळांनी गावातल्या एकाच तळ्याचा अभ्यास केला होता. दोघांनीही पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला होता. पहिल्या गटाचा आकडा इतका कमी, की मासे गुदमरावेत. दुसऱ्या गटाचा इतका जास्त, की नुसत्या हवेतून पाण्यात एवढा ऑक्सिजन येऊच शकणार नाही. संध्याकाळपर्यंत नगरपालिकेला द्यायचे निवेदन तयार व्हायचे होते. ‘तळे मरणपंथाला लागले आहे’ असे लिहायचे, की ‘पाणी उत्तम आहे’ असे? आवाज चढले. मतदान घ्या, असेही कोणी सुचवले. तेवढ्यात तिसऱ्याच शाळेतली नववीची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, “तुम्ही पाणी किती वाजता घेतलंत?”

वह्या उघडल्या गेल्या. पहिला गट सूर्योदयापूर्वी गेला होता, दुसरा दुपारी तीन वाजता. दोघांचेही आकडे बरोबर होते!

हे कसे? २५ अंश सेल्सिअस तापमानाला हवेच्या संपर्कातील एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. पण तळ्यात सांडपाणी येत असेल, तर त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस हे शेवाळाला खतच ठरते. पाणी हिरवेगार होते. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून शेवाळ शुद्ध ऑक्सिजन सोडते. तो हवेत निसटून जायला वेळ लागतो, म्हणून दुपारी त्याचे प्रमाण ८ मिलिग्रॅमच्याही वर जाते. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, पण श्वसन चालूच राहते. शेवाळ, मासे आणि मेलेले शेवाळ कुजवणारे जीवाणू असे सगळेच ऑक्सिजन वापरतात. पहाटे साठा तळाला जातो. अशा तळ्यांत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडताना दिसतात ते यामुळेच.

म्हणजे दुपारचा मोठा आकडा हे आरोग्याचे लक्षण नव्हते. पहाटेचा लहान आकडा ज्या रोगाचा, त्याचाच तोही. निरोगी तळ्यातही असा चढउतार असतो, पण तो माफक असतो.

शाळेत हे पाहण्यासाठी विंकलरची १८८८ सालची पद्धत पुरेशी आहे. काठोकाठ भरलेल्या, बुडबुडा न राहिलेल्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइडयुक्त अल्कली घालावी. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. मुळीच नसेल तर तो पांढराच राहतो. हे काम तळ्याकाठीच उरकावे, नाहीतर वाटेत बाटलीतले जीव ऑक्सिजन संपवत राहतात. पुढे सल्फ्युरिक आम्ल घातल्यावर आयोडीन मोकळे होते. स्टार्च वापरून थायोसल्फेटने त्याचे अनुमापन केले की आकडा मिळतो. आम्ल आणि अल्कली मात्र शिक्षकांनीच हाताळावी. पहाटे, सकाळी दहा, दुपारी तीन आणि सूर्यास्त अशा चार वेळांचा आलेख काढला, तर तळे चोवीस तासांत कसा श्वास घेते ते वर्गाला दिसेल. नोंदीत वेळ, पाण्याचे तापमान, खोली आणि आभाळाची स्थिती अवश्य लिहावी.

त्या संध्याकाळी निवेदनात दोन्ही आकडे वेळेसह गेले, आणि मागणी बदलली. ‘तळे वाचवा’ याऐवजी ‘तळ्यात येणारे सांडपाणी अडवा’ असे मुलांनी लिहिले. पहिल्या मागणीला कोणीही मान डोलावतो; दुसरीला उत्तर द्यावे लागते.

नेतृत्वगुण म्हणून आपण बहुधा वक्तृत्वाला गुण देतो. त्या दिवशी सभेला दिशा दिली ती एका साध्या प्रश्नाने. आपल्या वर्गात असा प्रश्न विचारणारी मुले असतातच. त्यांना तो विचारायला वाव मिळतो का, एवढे आपण पाहावे.